झोप लागल्याची सही

वैद्यबाईंनी चारच गोष्टी सांगितल्या होत्या. रात्रीचं जेवण आठच्या आत. जेवणानंतर शतपावली. निजताना तळपायांना कोमट तेल. आणि दहाला दिवा बंद. काढा नाही, पुडी नाही, लेप नाही. चिठ्ठी एवढीशी होती की ती हातात घेताना तक्तेरावांना फसवल्यासारखं वाटलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलो, दीड तास बाकावर बसलो, आणि हाती काय लागलं, तर रस्त्यावरचा कुणीही फुकट सांगेल अशा चार गोष्टी.

तक्तेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते आणि दिसेल त्या गोष्टीचा तक्ता करत होते, म्हणून हाताखालच्यांनी हे नाव ठेवलं होतं. कुणाच्या टेबलावर किती टाचण्या, खिडकी कोणी कधी उघडली, शिपाई चहाला किती वेळा गेला, सगळ्याचे तक्ते. नाव ठेवल्याचं त्यांना कळलं तेव्हा रागावायच्या ऐवजी ते मनातून सुखावले. माणसाला कशाचा अभिमान वाटेल ते सांगता येत नाही.

दुखणं त्यांचं नव्हतं, बायकोचं होतं. चार महिने तिला धड झोप नव्हती. ती एका चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचं काम करायची. बारीक काम, डोळ्याचं आणि बोटाचं. मागच्या महिन्यात तिने एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली. गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरूनच परत आलं, कारण त्याला पायरी दोनदा दिसली. मालकीण चांगली बाई होती. म्हणाली, "एकदा चुकतं माणसाचं. पण ते घासायचं चाक काच बघत नाही आणि बोटही बघत नाही. झोपेचं काहीतरी कर, नाहीतर मला तुला घरी बसवावं लागेल." घरी बसणं तिला परवडणारं नव्हतं. आणि नुसतं परवडण्याचा प्रश्न नव्हता; दुकानातली ती एक खुर्ची आणि दिव्याखालचं ते हातभर टेबल, एवढी एकच जागा जगात तिच्या मालकीची होती.

तर वैद्यबाईंसमोर दोघं बसली होती.

"झोप कधीपासून नाही?" वैद्यबाईंनी तिला विचारलं.

"चार महिने झाले," तक्तेराव म्हणाले.

"भूक?"

"भूक उत्तम," तक्तेराव म्हणाले.

"पोट साफ?"

"तशी काही तक्रार नाही तिची."

"पाळी?"

इथे तक्तेरावांनी खोकून भिंतीवरच्या शिरांच्या चित्राकडे तोंड फिरवलं. वैद्यबाई म्हणाल्या, "चला, एक तरी प्रश्न तिच्यासाठी उरला."

तेलाचं सांगताना वैद्यबाईंनी आणखी एक सांगितलं होतं. "तिने स्वतःचं स्वतः चोळायचं नाही. स्वतः वाकून चोळलं की तो व्यायाम होतो, आराम होत नाही. तुम्ही चोळायचं." तक्तेरावांनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं: तेल, लावणे.

घरी आल्यावर त्यांनी आधी रजिस्टर आखलं. तारीख, जेवणाची वेळ, शतपावली, तेल (डावा पाय, उजवा पाय), दिवा बंद, झोप लागल्याची वेळ, सही, शेरा. रेघा लाल शाईच्या, मथळे निळ्या. वर जाड कागदाचं आवरण. असं देखणं रजिस्टर झालं की ते पाहूनच एखाद्याला झोप लागावी.

बायकोने रकाने वाचले. "अहो, झोप लागल्यावर मी सही कशी करू?"

तक्तेराव थांबले. मुद्दा बिनतोड होता, पण सव्वीस वर्षं सरकारी टेबलामागे काढलेल्या माणसाला बिनतोड मुद्दे अडवत नाहीत. "सकाळी केलीस तर ती मागाहून केलेली नोंद होईल. तिला अर्थ नसतो. झोप लागतेय असं वाटलं, की लगेच करायची."

"म्हणजे झोप लागतेय असं वाटलं, की उठायचं?"

"अगं, दोन सेकंदांचं काम आहे!"

तिने पुढे काही विचारलं नाही. लग्नाला तेवीस वर्षं झाली की बाई प्रश्नांची काटकसर करायला शिकते. मग पुरुष म्हणतात, हल्ली हिची काही तक्रार नसते.

पहिला नियम जेवणाचा. दुकान सातला बंद व्हायचं, ती साडेसातला घरी पोचायची. उरली तीस मिनिटं. तेवढ्यात तिने पर्स खांद्याला असतानाच कुकर चढवला, पर्स खांद्याला असतानाच भाजी चिरली, आणि सात अठ्ठावन्नला ताट मांडलं. तक्तेराव घड्याळ समोर ठेवून जेवले. ती ओट्याशी उभ्याने जेवली, कारण बसायला गेली असती तर आठ वाजले असते. नोंद झाली: सात अठ्ठावन्न, होय.

लेक क्लासवरून नऊला यायची. तिला गरम लागायचं. मग पुन्हा शेगडी, पुन्हा ताट, पुन्हा भांडी. आठच्या आतला नियम बायकोच्या जेवणाला होता, स्वयंपाकघराला नव्हता. रजिस्टरात त्याला रकाना नव्हता, आणि ज्याला रकाना नाही ते तक्तेरावांच्या लेखी घडतच नव्हतं.

"बाबा, मी बाहेरून खाऊन येत जाऊ का?" लेकीने एकदा विचारलं.

"बाहेरचं खाणं प्रकृतीला वाईट," तक्तेराव म्हणाले. कुणाच्या प्रकृतीला, ते त्यांनी सांगितलं नाही.

शतपावलीचं प्रकरण जरा लांबलं. घराखालचा रस्ता ट्रकचा. तिथे शंभर पावलं चालणारा माणूस पन्नासाव्या पावलाला दवाखान्यात पोचला असता. घरातल्या घरात चालावं, तर दारापासून खिडकीपर्यंत अकरा पावलं, त्यात दोन वेळा पलंग आडवा यायचा. उरली इमारतीची गच्ची. गच्चीला कुलूप आणि किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे.

सेक्रेटरी म्हणाले, "अर्ज द्या."

"कशाचा?"

"फिरण्याचा. मागे एकाने फिरतो म्हणून किल्ली नेली आणि टाकीत पोहला. आठ दिवस आपण सगळ्यांनी त्याची आंघोळ प्यायली."

दुसरा कुणी असता तर चिडला असता. तक्तेरावांना मात्र घरी परतल्यासारखं वाटलं. त्यांनी विषय, संदर्भ, सोबत जोडलेली कागदपत्रं अशा थाटात अर्ज लिहिला, वैद्यबाईंच्या चिठ्ठीची प्रत जोडली आणि पोच घेतली. सहा दिवसांनी परवानगी आली. "अर्जदारास रोज रात्री साडेआठ ते पावणेनऊ गच्चीवर चालण्यास हरकत नाही."

"अर्जदार म्हणजे तुम्ही," सेक्रेटरींनी समजावलं. "वहिनींचं नाव अर्जात 'रुग्ण' म्हणून आहे. रुग्णाला गच्चीवर सोडायची जबाबदारी सोसायटी घेणार नाही."

"पण चालायचं तिला आहे!"

"मग पुरवणी अर्ज द्या. पुढच्या बैठकीत ठेवतो."

वाद घालायला तक्तेरावांना तोंडच नव्हतं. पाण्याच्या जोडणीसाठी आलेल्या किती जणांना त्यांनी स्वतः याच सुरात परत पाठवलं होतं. 'घरात तहानलेलं कोणी का असेना, अर्ज कुणाच्या नावाचा आहे ते सांगा!' हे त्यांचंच वाक्य. आज ते वाक्य घरी जेवायला आलं होतं.

पण रकाना रिकामा ठेवणंही त्यांच्याने होईना. सहा दिवस आधीच रिकामे गेले होते. शेवटी त्यांनी तोड काढली. रोज साडेआठला ते गच्चीवर जाऊन मोजून शंभर पावलं टाकायचे. बायकोच्या वतीने. ती तेवढ्यात भांडी घासायची. मग ते खाली येऊन लिहायचे: शतपावली, झाली. आणि शेऱ्यात: प्रतिनिधीमार्फत.

हसू येतं ना? येऊ द्या. पण जरा आपापल्या घरात बघा, कोण कुणाच्या वतीने काय करतंय. विश्रांती एकाची, रकाना दुसरीचा, असं नसलेलं घर शोधून काढा आणि मग हसा.

गंमत अशी, की या शंभर पावलांनी गुण आला. तक्तेरावांना. जेवण वेळेवर, वर गार वारा, डोक्यात मोजणी. पाठ टेकली की ते ढाराढूर. कार्यालयात शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "साहेब, काय तजेला आलाय हो चेहऱ्यावर! काही चालू आहे का?" तक्तेराव म्हणाले, "आयुर्वेद. बायकोला चालू आहे."

आता तेल. यात आपण काही चुकलो असं तक्तेरावांना शेवटपर्यंत वाटलं नसतं. पहिल्या रात्री त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला होता. खिडकी लावली, पडदा ओढला, दाराला कडी घातली, जणू खोलीत नोटा छापायच्या आहेत. बायकोच्या पायाला हात लावायचा म्हणजे माणसाने आजूबाजूला बघायला नको? तेल जरा जास्त तापलं होतं. पहिलाच थेंब पडला आणि ती किंचाळली. लेकीने दार वाजवलं, "बाबा, काय झालं? आई?" समोरच्या दाराची शिवणकामवाली मावशी बाहेर आली, तिच्यामागून वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर उतरले. कडी काढून तक्तेराव बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात वाटी होती आणि दोन्ही कान लाल होते.

"काही नाही, तेल लावत होतो," ते म्हणाले.

"कुणाला?" मावशीने विचारलं.

"तिला. पायाला. वैद्यांनी सांगितलंय म्हणून."

मावशीने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की दुसऱ्या दिवशी ते बायकोला म्हणाले, "तू लाव तुझं तुझं. मी वाटी धरतो."

आणि ती वाकून स्वतःचे पाय चोळायची आणि तक्तेराव वाटी धरून, मान वळवून, कुणी बघत नाही ना ते बघत उभे राहायचे. नोंद: डावा पाय, झाला. उजवा पाय, झाला.

पण बातमी इमारतभर झाली होती. दुसऱ्या संध्याकाळी मावशी खोबरेल घेऊन आली. "तिळाचं उष्ण पडतं गं. माझ्या नणंदेने लावलं तर तिचे केस गेले."

"मावशी, पायाला लावलं होतं का?"

"पायालाच लावलं गं. पण गेले केस."

हेडमास्तर काशाची वाटी घेऊन आले. वाटीच्या बुडाने तळवा घासला की अंगातली उष्णता काळी होऊन बाहेर येते, हे त्यांनी स्वतःचा मोजा काढून प्रात्यक्षिकासह दाखवलं. काळं खरोखरच आलं. ती उष्णता होती की हेडमास्तरांनी आठवडाभर न धुतलेले पाय, हे आयुर्वेदालाच माहीत. मावशीचं म्हणणं पडलं, की घासायचं आतून बाहेर. हेडमास्तरांचं, की बाहेरून आत. त्यावर पाऊण तास चर्चा झाली. रोज नऊला दोघं हजर व्हायचे, 'आज फरक किती' ते विचारायला. आणि घरात माणसं आल्यावर चहा नको का?

"वहिनी, माझा बिनसाखरेचा," हेडमास्तर म्हणायचे. "निजायच्या वेळी साखर चांगली नाही."

वहिनींच्या निजायच्या वेळी वहिनी चहा गाळत असायच्या. दहाला दिवा बंद व्हायचा, तो पुढच्या खोलीतला. स्वयंपाकघरातला दिवा रजिस्टरात नव्हता. तिथलं आवरून, उद्याची भाजी निवडून, लेकीचे कपडे काढून ठेवून ती अकराला यायची, झोपलेल्या तक्तेरावांच्या उशाशी ठेवलेलं रजिस्टर उचलायची, 'दहा वाजून पाच मिनिटं' लिहायची, सही करायची आणि छताकडे बघत पडायची.

एकदा तिने म्हटलं, "अहो, मला एक दिवस कुणी काही विचारलं नाही ना, तरी बरं वाटेल."

तक्तेरावांनी विचारलं, "काय विचारलं नाही?"

मग अठराव्या दिवशी पायऱ्यांचं झालं. हेडमास्तरांनी सात वनस्पतींचं तेल मिळवलं होतं आणि ते मंद आचेवर कोमट करून त्यांना वर दाखवायला नेण्याचं काम तक्तेरावांकडे होतं. जिन्यात दोघांची गाठ पडली. हेडमास्तर म्हणाले, "वास घ्या." तक्तेराव म्हणाले, "आधी तुम्ही घ्या." या आग्रहात भांडं कलंडलं आणि तेल वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत शिस्तीत उतरत गेलं. शहाण्या माणसाने तिथेच उभं राहून ओरडायला हवं होतं. तक्तेराव धावले ते रजिस्टरात 'तेल वाया गेले, कारण अपघात' असा शेरा मारायला. हेडमास्तर धावले फडकं आणायला. आणि गच्चीचं कुलूप तपासून सेक्रेटरी खाली आले.

बारा पायऱ्या ते एका पायरीसारखे उतरले.

कमरेत उसण भरली होती. डॉक्टरने येऊन बघितलं आणि सांगितलं, यांना रात्रभर हलवू नका. सगळ्यांत जवळचा पलंग कुणाचा, तर तक्तेरावांचा. तिथे सेक्रेटरींना आडवं केलं. त्यांची बायको आली, भाऊ आला, समितीचे दोघं आले आणि पलंगाभोवतीच तातडीची बैठक भरली. सेक्रेटरींनी उताणं पडून अध्यक्षस्थान भूषवलं. जिन्यात तेल, तूप व तत्सम बुळबुळीत पदार्थ नेण्यास बंदी, असा ठराव एकमताने झाला. हेडमास्तरांनीसुद्धा हात वर केला. त्याच हाताला अजून तेल होतं. तक्तेरावांनी लेखी माफी द्यावी असंही ठरलं. एकवीस वर्षं या इमारतीत राहिलेल्या, जिन्यातल्या बल्बांचा तक्ता स्वखुशीने ठेवणाऱ्या माणसाने लेखी माफी द्यावी! रजिस्टर छातीशी धरून तक्तेराव म्हणाले, "मी हे सगळं एका आजारी बाईसाठी करतोय!"

सगळ्यांनी मान हलवली. कुणीतरी हळहळलं. आजारी बाई तेव्हा जिन्यात होती. गरम पाण्याची बादली आणि सोडा घेऊन पायऱ्या घासत होती, वरून खाली, बारा.

त्या रात्री सेक्रेटरी पलंगावर घोरले, तक्तेराव सतरंजीवर घोरले आणि ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिली. नोंद मात्र आहे. दहा वाजून दहा मिनिटं, सही.

विसाव्या दिवशी दुकानात चाकाने तिच्या बोटाचं नख अर्धं नेलं. हाड वाचलं. मालकिणीने स्वतः पट्टी बांधली, चाकाचं बटण बंद केलं आणि म्हणाली, "आता झोपल्याशिवाय येऊ नकोस. रागावून नाही सांगत, मला भीती वाटते." तिने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ती रडली नाही. फक्त म्हणाली, "ती खुर्ची रिकामी ठेवेल का हो ती माझ्यासाठी? किती दिवस ठेवेल?"

तक्तेराव घाबरले. पण घाबरणं त्यांना नीट जमायचं नाही, त्याचा लगेच संताप व्हायचा. एकवीस दिवस! शतपावलीचे पहिले सहा सोडले, तर पुढचे पंधरा दिवस एकही रकाना रिकामा नाही, खाडाखोड नाही, आणि तरी गुण नाही? याचा अर्थ एकच, उपचारच चुकला. एवढ्याशा चिठ्ठीत काय बरं होणार! रजिस्टर बगलेत मारून, बायकोला घेऊन, जाब विचारायला ते वैद्यबाईंकडे निघाले.

सकाळचे साडेदहा. बाहेरच्या खोलीत दोन लाकडी बाक, खिडकीतून आलेलं ऊन, वीसेक माणसं. म्हाताऱ्या कंपाउंडरने चौदा नंबरचा बिल्ला दिला. भिंतीला टेकून ती बसली. तक्तेराव जवळ बसून काय काय बोलायचं त्याची मनात उजळणी करत होते. तिसरा मुद्दा आठवून ते तिला म्हणाले, "तू मात्र मध्ये बोलू नकोस हं."

ती बोलली नाही. त्यांनी मान वळवून पाहिलं तर तिचं डोकं भिंतीला लागलं होतं, तोंड थोडं उघडं होतं आणि पट्टी बांधलेला हात मांडीवर उताणा पडला होता. ती झोपली होती. डुलकी नव्हे. झोप.

"वेळ किती झाली?" म्हणून त्यांचा हात सवयीने रजिस्टराकडे गेला. पान उघडलं. पेन काढलं. आणि मग सहीच्या रकान्यावर त्यांची नजर अडली, कारण सही करणारी तर झोपली होती.

ते तो रकाना वरून खाली वाचत गेले. एकवीस दिवसांत पहिल्यांदाच वाचत होते. आजवर त्यांनी नुसता भरलाय का तेवढं बघितलं होतं. पहिल्या दिवसाची सही टपोरी, शाळेतल्यासारखी. सातव्या दिवशी शेवटचं अक्षर गळलेलं. बाराव्या दिवशी आडनाव नाही. अठराव्या दिवशीच्या सहीवर पाण्याचा डाग, कागद तिथे सोड्याने खरखरीत झालेला. काल रात्रीची सही म्हणजे नुसती एक रेघ, चौकटीतून बाहेर पडून शेऱ्याच्या रकान्यातून पानाच्या कडेपर्यंत घसरलेली. तक्तेरावांनी आयुष्यात हजारो सह्या तपासल्या होत्या. खोटी कुठली आणि दमलेली कुठली, हे त्यांना न कळणारं नव्हतं.

"चौदा!" कंपाउंडरने हाक मारली.

तक्तेरावांनी तिच्या खांद्याकडे हात नेला. तो हात तसाच हवेत राहिला.

"चौदा नंबर कोण?"

"पुढचा घ्या," तक्तेराव कुजबुजले.

"अहो, मग तुम्हाला शेवटी बसावं लागेल."

"बसतो. हळू बोला."

शेजारी बसलेला खोकल्याचा पेशंट वाकून म्हणाला, "उठवा त्यांना. दिवसा झोपणं आयुर्वेदात वर्ज्य आहे. कफ वाढतो."

इतके दिवस ज्याने जे सांगितलं ते तक्तेरावांनी शेऱ्यात लिहून घेतलं होतं. आज ते म्हणाले, "वाढू दे. तुमचा वाढलाय तेवढा पुरे. खोकायचं असेल तर बाहेर जाऊन खोका."

तेवढ्यात तिच्या मांडीवरच्या पर्समध्ये फोन थरथरला. तक्तेरावांनी तो चोरासारखा काढला. लेक होती. "आई, माझी निळी फाइल कुठे आहे?"

"शोध," तक्तेराव कुजबुजले.

"बाबा? आई कुठे आहे?"

"झोपलीय."

लेकीने घाबरून विचारलं, "बरी आहे ना?"

चार मिनिटांनी मावशी. घराची किल्ली कुणाकडे ठेवलीय, गॅसवाला येणार आहे. सहा मिनिटांनी हेडमास्तर. "वहिनी, आज संध्याकाळी माझा एक मित्रही येईल, त्यालाही तळपायाचं..." मग सेक्रेटरींची बायको, काल पाठवलेला डबा परत कधी नेणार. तासाभरात नऊ फोन. तक्तेरावांच्या स्वतःच्या खिशातला फोन सकाळपासून एकदाही वाजला नव्हता. शेवटी त्यांनी तिचा फोन बंद केला. तो कसा बंद करतात ते शोधायला जरा वेळ लागला. त्या फोनचं ते बटण बहुतेक कधी दाबलंच गेलं नव्हतं.

ऊन बाकावरून सरकून तिच्या तोंडावर आलं. तक्तेराव उठले आणि रजिस्टर उघडून खिडकीत आडवं धरून उभे राहिले. सावली तिच्या डोळ्यांवर बरोबर पडत होती. आत जाणारे-येणारे त्यांच्याकडे बघत होते. एक बाई तोंडाला पदर लावून हसली. हात भरून आले तेव्हा त्यांनी हात बदलले.

साडेबाराला खोली रिकामी झाली. वैद्यबाई हात पुसत बाहेर आल्या, आणि खिडकीतल्या माणसाकडे आणि बाकावरच्या बाईकडे बघून थांबल्या.

"किती वेळ झाला?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"एक तास पन्नास मिनिटं."

"मग हिला झोप येते की! घरी काय त्रास होतो?"

तक्तेरावांनी तोंड उघडलं. जाब विचारायचे सातही मुद्दे त्यांना पाठ होते. पण एकही उपयोगाचा नव्हता.

"घरी आम्ही असतो," ते म्हणाले.

वैद्यबाई हसल्या नाहीत. मग कंपाउंडरला खुणेने सांगितलं, की दाराला कुलूप लावू नकोस, नुसतं लोटून घे. आणि चपला हातात घेऊन, अनवाणी, त्या जिना उतरून जेवायला गेल्या.

तक्तेराव बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले. तिचा एक पाय चपलेतून सुटून फरशीवर आला होता. फरशी गार होती. त्यांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, पाहिल्याची त्यांना स्वतःलाच लाज वाटली, आणि तिचा पाय उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतला. टाच भेगाळलेली होती. तळव्याला तिळाच्या तेलाचा वास नव्हता, सोड्याचा होता. जमेल तसा, बिनतेलाचा, अंगठ्याने ते तळवा चोळत राहिले. आतून बाहेर की बाहेरून आत, कुणाला विचारलं नाही.

ती जराशी हलली. डोळे अर्धवट उघडले. मांडीवरचा पाय तिला कळला की नाही कोण जाणे.

"अहो," जड जिभेने तिने विचारलं, "आला का आपला नंबर?"

"नाही," तक्तेराव म्हणाले. "अजून खूप वेळ आहे."

"मग ठीक," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.